नकोसे यांत्रिक फोन : दुकानदाराने काय करावे?

अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचलू नका, असा सल्ला हल्ली जो तो देतो. वर्तमानपत्रे देतात, मोबाईल कंपन्या देतात, घरातली शाळकरी मुलेही देतात. नोकरदार माणसासाठी हा सल्ला ठीक आहे. त्याची माणसे ठरलेली, त्याचे फोन ठरलेले. व्यापारी आणि कारागीर यांना मात्र तो लागू पडत नाही. मिरजेत सतार-तानपुरे घडवणाऱ्या कारागिराकडे नवे काम येते ते बहुधा कधी न पाहिलेल्या नंबरवरूनच. कधी पुण्याहून, कधी कोलकात्याहून. रत्नागिरीच्या आंबेवाल्याचा धंदा एप्रिल-मेच्या थोड्याशा आठवड्यांत आटोपायचा असतो आणि त्या दिवसांत पेटीचा भाव विचारणारे निम्मे लोक अनोळखीच असतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याला सुताच्या गाडीचा ड्रायव्हर फोन करतो, तो दर खेपेला वेगळा. गॅरेजवाल्याचे तर विचारूच नका. रस्त्यात गाडी बंद पडलेला माणूस आधी ओळख करून घेऊन मग फोन करीत नाही.

म्हणून आपले लोक फोन उचलतात. हात तेलाचे असोत की रंगाचे, काम टाकून उचलतात. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज येतो की आपल्याला पाच लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. थोड्या वेळाने दुसरा, अमुक हायवेला लागून प्लॉट. तिसऱ्या फोनवर तर आवाजच नसतो. दिवसातून आठ-दहा वेळा असे झाले की माणूस वैतागतो आणि पुढचा फोन वाजू देतो. नेमका तोच गिऱ्हाइकाचा असतो. यांत्रिक फोनांचे खरे नुकसान इथे आहे. वाया गेलेली मिनिटे ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

आपल्या देशात मोबाईल १९९५ साली आला तेव्हा येणाऱ्या फोनलाही मिनिटाप्रमाणे पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यापासून येणारे फोन फुकट झाले. खिशातून पैसे जात नाहीत म्हणून हा उपद्रव आपण मुकाट्याने सोसू लागलो, असे आम्हाला वाटते. प्रत्येक नकोशा फोनला आजही रुपया पडत असता, तर बाजारपेठांतून केव्हाच मोर्चे निघाले असते.

पलीकडे माणूस नसतो

कुणीतरी मुद्दाम आपलाच नंबर शोधून फोन करते असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. संगणकात नंबरांची यादी भरलेली असते आणि यंत्र ती ओळीने लावत जाते. मोठ्या कार्यालयांना पीआरआय नावाची जोडणी मिळते. तिच्या एका वाहिनीवर एकाच वेळी ३० संभाषणे चालू शकतात. इंटरनेटवर चालणारी एसआयपी जोडणी घेतली तर हा आकडा आणखी वाढवता येतो. समोरच्याने फोन उचलला की मुद्रित आवाज सुरू होतो.

दुसऱ्या प्रकारात यंत्र एका दमात अनेकांना फोन लावते आणि जो आधी उचलेल त्याला मोकळ्या असलेल्या कर्मचाऱ्याशी जोडून देते. उचलणारे जास्त आणि कर्मचारी कमी पडले, की उरलेल्यांच्या कानी नुसती शांतता येते. 'हॅलो, हॅलो' करून आपण ठेवून देतो तो मुका फोन बहुतेक वेळा यातलाच असतो. कुणी पाळत ठेवली आहे किंवा करणी केली आहे, असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

हे कळले की पुढच्या गोष्टी सोप्या होतात. यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला कान नाहीत. त्याला बोटाची भाषा मात्र कळते. 'पुन्हा फोन नको असेल तर दोन दाबा' असे सांगितले जाते तेव्हा बटण दाबू नये. खरी कंपनी कदाचित आपले नाव यादीतून काढीलही. पण फसवणाऱ्याला त्या बटणावरून इतकेच कळते की हा नंबर चालू आहे आणि त्यामागचा माणूस शेवटपर्यंत ऐकतो. असा नंबर त्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा. दोन्ही आवाज सारखेच गोड असतात, तेव्हा ऐकून फरक करता येत नाही.

आपला नंबर त्यांना मिळतो कुठून, हा प्रश्न सगळे विचारतात. त्यांना तो आपणच देतो. दुकानाच्या फलकावर, बिलबुकावर, टेम्पोच्या मागे, इंटरनेटवरच्या व्यापारी याद्यांत तो आपणच छापलेला असतो. मॉलमध्ये बक्षिसाच्या चिठ्ठीवर नंबर आपणच लिहितो. कर्ज किती मिळेल हे नुसते पाहण्यासाठी एखाद्या ॲपवर नंबर टाकला तरी पुरते. जीएसटी किंवा उद्यम नोंदणी केल्यावर आठवडाभरात कर्जाचे फोन सुरू झाले, असे नवे दुकानदार सांगतात. अर्ज भरून देणारा एजंट, त्याचा मदतनीस, सायबर कॅफे, झेरॉक्सचे दुकान, इतक्या हातांतून नंबर गेल्यावर तो खासगी राहील अशी अपेक्षा करणेच भाबडेपणाचे.

ब्लॉक करण्याने काय होते?

लोकांचे पहिले औषध म्हणजे नंबर ब्लॉक करणे. त्याचा गुण थोडा येतो. यंत्रामागे एकच नंबर नसतो. एक अडवला की दुसऱ्यावरून फोन येतो. दुकानदाराच्या दृष्टीने त्यात एक खोटही आहे. बंद झालेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. फसव्या माणसाचा म्हणून आज अडवलेला नंबर वर्षभराने एखाद्या गिऱ्हाइकाकडे असेल आणि त्याचा फोन आपल्याकडे वाजणारच नाही. अनोळखी फोनांचा आवाजच बंद करण्याची सोय हल्ली फोनमध्ये असते. ती दुकानाच्या नंबरवर लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानाचे शटर ओढून आत बसण्यासारखे ते आहे.

त्यापेक्षा फोन वाजतानाच संशयित असल्याची सूचना दाखवण्याची सोय चालू ठेवावी. ती पुष्कळ स्मार्टफोनमध्ये असते आणि काही मोबाईल कंपन्याही आता आपल्या बाजूने अशी सूचना दाखवतात. सूचना चुकू शकते, पण निर्णय आपल्या हातात राहतो.

नंबरच्या सुरुवातीचे आकडेही पुष्कळ सांगतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे 'ट्राय' म्हणतात, त्याच्या नियमाप्रमाणे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवेत. बँका, विमा कंपन्या वगैरेंनी आपल्या ग्राहकाला खात्याच्या किंवा सेवेच्या कामासाठी करायच्या फोनांना १६०० ची मालिका दिली आहे. त्या मालिकेवर येण्यास ट्रायने बँकांना १ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून जाहिरातीचे फोन करण्यास मनाई आहे.

दुकानदाराने यातून एवढे लक्षात ठेवावे : १४० चा फोन गिऱ्हाइकाचा असूच शकत नाही. तो खुशाल वाजू द्यावा. हातातली शिलाई किंवा वेल्डिंग सोडण्याची गरज नाही. आणि 'बँकेतून बोलतो' म्हणणारा फोन साध्या मोबाईल नंबरवरून आला तर त्याला एकही आकडा सांगू नये. पासबुकावर किंवा कार्डावर छापलेल्या नंबरला आपण उलट फोन करून खात्री करावी.

१९०९ हा नंबर

नको असलेल्या जाहिरातींपासून सुटका मिळावी म्हणून आपल्याकडे २००७ साली पहिली राष्ट्रीय नोंदवही झाली. २०१० आणि २०१८ साली नियम बदलले आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांत पुन्हा महत्त्वाची दुरुस्ती झाली. मधला इतिहास आम्ही सोडून देतो. व्यापाऱ्याला उपयोगाचे काय ते पाहू.

आपल्या मोबाईलवरून १९०९ ला फोन करून, किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', मग एक जागा सोडून शून्य, असा संदेश १९०९ ला पाठवून सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद करता येते. सगळ्या बंद करायच्या नसतील तर बँक-विमा-कर्ज, जमीन-घरे, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे प्रकार पाडलेले आहेत. त्यांतले नको ते बंद करता येतात. मुद्रित आवाजाचे फोन नकोत, अशी वेगळी निवडही २०१८ च्या नियमांनी दिली आहे. बँकेचे ओटीपी आणि खात्यात पैसे जमा झाल्याचे संदेश यामुळे थांबत नाहीत. ही भीती अनेकांच्या मनात असते आणि त्यापायी ते नोंदच करीत नाहीत.

आपल्यातले बरेच जण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि दिवसभर त्याच कर्जाचे निमंत्रण ऐकतात. त्यांनी निदान तेवढा प्रकार तरी बंद करून घ्यावा.

आता वाचक म्हणतील, आम्ही नोंद केली आहे, तरी फोन येतात. बरोबर आहे. ही नोंद पाळतो तो रीतसर नोंदणी केलेला जाहिरातदार. ज्याने स्वतःची नोंदणीच केलेली नाही, जो साधी सिमकार्डे किंवा कार्यालयाच्या नावाने घेतलेल्या जोडण्या वापरून यंत्र चालवतो, तो आपली नोंद कशाला पाहील? २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा बिनानोंदणीच्या जाहिरातदारांविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ट्रायने कडक आदेश काढला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर केले की पावणेतीन लाखांहून अधिक जोडण्या तोडल्या आहेत. त्या तुटल्या त्या तक्रारी झाल्या म्हणून. आपल्या बाजारपेठांत मात्र तक्रार करणारा माणूस शोधून सापडत नाही.

पाच तक्रारींचे गणित

२०२५ च्या दुरुस्तीतली सर्वांत कामाची गोष्ट व्यापारी बांधवांपर्यंत पोहोचलेलीच नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी अशा फोनची तक्रार तीन दिवसांच्या आत करावी लागे. आता सात दिवसांची मुदत आहे. १९०९ वर आपली नोंद केलेली असली पाहिजे, अशी अटही आता राहिलेली नाही. बिनानोंदणीच्या जाहिरातदाराविरुद्ध कोणीही तक्रार करू शकतो. कंपनीला कारवाईसाठी पूर्वी ३० दिवस होते, आता ५ आहेत. आणि मुख्य बदल असा : पूर्वी एखाद्या नंबरविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई सुरू होत असे. आता दहा दिवसांत पाच पुरेशा आहेत.

पाच म्हणजे किती? एका गल्लीत दोन्ही बाजूंना मिळून तेवढी दुकाने सहज असतात. यंत्र यादी ओळीने फिरवते, त्यामुळे एका यादीत असलेल्या शेजाऱ्यांना एकाच दिवशी एकच आवाज ऐकू येतो. चहाच्या वेळी 'अरे, मलापण आला होता' एवढे बोलून आपण विषय सोडून देतो. त्याच चहाच्या वेळी पाच जणांनी आपापल्या फोनवरून तक्रार केली, तर तो नंबर कारवाईच्या रेषेवर येतो. एकट्याने पाच वेळा तक्रार करून हे होत नाही; वेगवेगळ्या पाच माणसांनी केली पाहिजे, आणि ज्याच्या फोनवर कॉल आला त्यानेच केली पाहिजे.

तक्रारीत चार गोष्टी लागतात : आपला नंबर, फोन आला तो नंबर, तारीख आणि पलीकडून काय सांगितले त्याचे एक वाक्य. आपला नंबर तर संदेशाबरोबर आपोआप जातो. बाकीच्या तिन्ही गोष्टी, आधी फोन कशाबद्दल होता ते, मग नंबर, मग तारीख, अशा क्रमाने मध्ये स्वल्पविराम देऊन १९०९ ला पाठवाव्यात. हे अवघड वाटत असेल तर १९०९ ला फोन करून सांगता येते. ट्रायचे डीएनडी नावाचे ॲप आहे, त्यात आलेल्या फोनांच्या यादीवर बोट ठेवूनही तक्रार होते. दुकानातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे पाच मिनिटांत जमते. तक्रारीचा नंबर मिळेल तो जपून ठेवावा.

व्यापारी संघटनांना आमचे सांगणे आहे की एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, नंबर आणि काय सांगितले याची एक ओळ. कोणत्या नंबरने किती जणांना त्रास दिला हे त्यातून लगेच दिसेल आणि कोणी कोणी तक्रार करायची हेही ठरेल. मालेगावात शुक्रवारी कारखाने बंद असतात, इतरत्र बाजाराच्या सुटीचा दिवस वेगळा असतो. त्या दिवशी वही पाहिली तरी बहुतेक फोन सात दिवसांच्या मुदतीत बसतात. वर्गणी, ठराव, अध्यक्ष-उपाध्यक्ष यांची या कामाला गरज नाही.

तक्रार खोटी मात्र असू नये. समोरच्या दुकानदाराशी स्पर्धा आहे म्हणून पाच मित्रांनी मिळून त्याचा नंबर कळवायचा, हा उद्योग करू नये. उधारी मागणाऱ्याचा फोनही आपल्याला नकोसाच असतो, पण ती जाहिरात नव्हे! व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जाहिराती या नियमांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी तिथलीच अडवण्याची आणि कळवण्याची सोय वापरावी.

दुकानाचा नंबर वेगळा, बँकेचा वेगळा

जो नंबर फलकावर आहे तोच बँकेत, तोच आधारला, तोच जीएसटीला, असे आपल्या बहुसंख्य छोट्या दुकानदारांचे असते. सोयीचे आहे खरे. पण त्यामुळे फलक वाचणाऱ्या कुणालाही आपल्या खात्याला जोडलेला नंबर आयता मिळतो आणि 'आपले चालू खाते बंद होणार आहे' हा फोन बरोबर त्याच नंबरवर येतो. माणूस फसतो तो इथे, कारण नंबर जुळतो.

दोन नंबर ठेवावेत. एक लोकांसाठी : फलक, बिल, कार्ड, जाहिरात. दुसरा फक्त बँक आणि सरकारी कामासाठी. तो कुठेही छापू नये, गिऱ्हाइकाला देऊ नये, त्यावर व्हॉट्सॲपही ठेवू नये. मग लोकांच्या नंबरवर बँकेच्या नावाने फोन आला की तो खोटा हे ऐकण्याआधीच कळते, कारण बँकेकडे तो नंबरच नाही. जुन्या खात्यांचा नंबर बदलण्यासाठी बँकेत खेटे घालावे लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. एकदाच घालावे लागतात.

आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हेही पाहावे. २०२३ च्या मे महिन्यात सरकारने 'संचार साथी' हे संकेतस्थळ सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे ॲप आले. त्यावर आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात आणि आपला नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात. परगावाहून आलेल्या कारागिरांना कागदपत्रांची अडचण असते म्हणून मालक आपल्या नावावर सिम घेऊन देतो, ही आपल्या कारखान्यांतली सर्रास पद्धत आहे. कारागीर गावी निघून जातो, सिम त्याच्याबरोबर जाते आणि पुढे त्यावरून काय होते ते मालकाला कळतही नाही. नोटीस मात्र मालकाच्या नावाने येते.

धाक दाखवणारे फोन

आता ज्यांचा हेतू विक्रीचा नसून लुटीचा आहे त्यांच्याविषयी. मुद्रित आवाज सांगतो की तो ट्रायमधून बोलत आहे, दोन तासांत आपला नंबर बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. दाबले की माणूस बोलायला येतो आणि तो पुढे 'पोलिस अधिकाऱ्या'कडे जोडून देतो. आपल्या नावाने गुन्हा आहे, आपल्या पार्सलमध्ये नको ती वस्तू सापडली आहे, फोन ठेवू नका, घरच्यांना सांगू नका. 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात ते हेच. ट्राय कोणाचाही नंबर बंद करण्यासाठी फोन करीत नाही, असे खुद्द ट्रायनेच जाहीर केले आहे. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

चौकशी, तपास, पोलिस हे शब्द आपल्या मोहल्ल्यांत जरा जास्त धसका देतात, हे लपवण्यात अर्थ नाही. फसवणाऱ्यालाही ते माहीत असते आणि नाव पाहून तो धाक कोणता दाखवायचा ते ठरवतो. म्हणून घरात आणि दुकानात सगळ्यांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला, एवढे सांगून ठेवावे की 'कोणाला सांगू नका' म्हणणारा फोन आला की लगेच सगळ्यांना सांगायचे. खऱ्या चौकशीची नोटीस लेखी येते. ती घेऊन वकिलाकडे जाता येते.

परदेशातून केलेला फोन भारतीय नंबरचा भासवण्याची युक्तीही चालत असे. ती पकडणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली आणि पहिल्या चोवीस तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले. एका दिवसाचा हा आकडा पाहिला की आपला एकट्याचाच फोन वाजतो ही समजूत उरत नाही.

पैसे गेले नसतील तर असा फोन संचार साथीवरच्या 'चक्षू' या विभागात कळवावा. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० ला फोन करावा. तिथे शरमेचे काम नाही. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. दोन दिवस विचार करून केलेल्या फोनचा उपयोग कमी.

आपणही फोन करतोच की

इथवर वाचून काही कापडवाल्यांनी मान डोलावली असेल. त्यांना विचारायला हवे की रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात आपल्या दुकानाच्या नावाने हजार लोकांना गेलेला मुद्रित आवाज कोणाचा होता? हजार-दोन हजार रुपयांत 'तुमची जाहिरात पाच हजार मोबाईलवर' असे सांगणारे लोक सीझनला बाजारात फिरतात. ते साध्या सिमकार्डांवरून फोन लावतात, आणि कित्येकदा सिम दुकानदाराच्याच नावाचे मागतात.

हे देऊ नये. पहिल्यांदा नियम मोडल्याचे ठरले तर त्या माणसाच्या नावावरच्या सगळ्या जोडण्यांवरून बाहेर फोन करणे १५ दिवस बंद होते. पुन्हा ठरले तर सगळ्याच जोडण्या, सगळ्या कंपन्यांच्या, एक वर्षासाठी तोडल्या जातात. म्हणजे ज्या फलकावर रंगारी बसवून नंबर लिहून घेतला तोच नंबर मुका. ईदच्या तोंडावर पंधरा दिवस फोन बंद राहणे म्हणजे काय, ते कापडवाल्याला समजावून सांगायला नको. आणि पाच तक्रारींचे जे गणित आम्ही वर सांगितले ते आपल्याविरुद्धही तसेच चालते.

शिवलेले कपडे तयार आहेत, गाडी दुरुस्त झाली आहे, असा आपल्या गिऱ्हाइकाला स्वतः केलेला फोन ही जाहिरात नव्हे. तो बेलाशक करावा. जाहिरातच करायची असेल तर रीतसर मार्ग आहे. मोबाईल कंपन्यांनी डीएलटी नावाची नोंदणी ठेवली आहे. तिथे पॅन, जीएसटी वगैरे कागद देऊन दुकानाची नोंद करायची, संदेशावर दिसणारे दुकानाचे सहा अक्षरी नाव घ्यायचे आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यायचा. जाहिरातीच्या संदेशात त्या नावापुढे इंग्रजी 'पी' हे अक्षर दिसते, सेवेच्या संदेशात 'एस'. आपल्याला आलेला संदेश ओळखायलाही त्याचा उपयोग होतो. मुद्रित आवाजाचे यंत्र वापरायचे तर कंपनीला तसे आधी कळवावे लागते आणि फोन १४० च्या मालिकेतूनच जातो. एखाद्या गिऱ्हाइकाने 'नको' म्हटले तर ९० दिवस त्याच्याकडे पुन्हा परवानगी मागता येत नाही.

या नोंदणीत कागद परत येतात, नाव आधीच कुणी घेतलेले निघते, नमुना नाकारला जातो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. चांद दिसण्याच्या आठवड्यात अर्ज करून काही होत नाही. शाबानच्या आधी कागद तयार ठेवावेत; ज्यांचा सीझन लग्नसराईचा आहे त्यांनी दिवाळीपूर्वी.